दसऱ्याचं तेल आणि स्पोर्ट्स कारची हवा

“तुमच्याकडं धूळ असून असून किती असणार हो?” फोनवरचा माणूस म्हणाला आणि हसला.

माणूस पुण्याचा. महागड्या गाड्यांना कंपनीबाहेरचे पार्ट विकायचा आणि बसवायचा त्याचा धंदा. मी मेहकरात, आमच्या गॅरेजच्या दारात उभा. समोरच्या वावरात सोयाबीनचं थ्रेशर चालू होतं आणि त्याच्या तोंडातून उडणारा भुसा रस्ता ओलांडून सरळ आमच्या अंगावर येत होता. फोन धरलेल्या हातावर धूळ, भुवयांवर धूळ, चहावर धरलेल्या सायीवर धूळ. आणि हा विचारतोय, किती असणार. त्याचं ते हसणं अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. संपादकांनी “गॅरेजमधले अनुभव लिहा” म्हटल्यावर बाकी सगळं बाजूला राहिलं आणि तेच हसणं आधी वर आलं.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी सदाशिव. मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला, आजऱ्याकडचा. आठवीतनं शाळा सुटली आणि गुळाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. नागपूरकडं जाताना ट्रक मेहकरच्या अलीकडं बंद पडला. सामान घेऊन येतो म्हणून ड्रायव्हर गेला तो परत आलाच नाही. मी ट्रकच्या सावलीत गूळ राखत बसलो होतो. रस्त्यानं सायकलवरून एक माणूस चालला होता, त्यानं पाय टेकवला आणि विचारलं, “काय बे, जेवला का?” ते दादाराव मिस्त्री. मालकाचा दुसरा ड्रायव्हर आला आणि ट्रक घेऊन गेला. मी मिस्त्रींकडंच राहिलो. त्यांच्या घरची भाकर खाल्ली, त्यांच्या हाताखाली पाना धरायला शिकलो, आणि त्यांचे गुडघे गेल्यावर त्यांनी गॅरेजही माझ्याच हातात दिलं. माझ्या बापानं माझ्यासाठी केलं नसतं एवढं त्यांनी केलं, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो. गावातले लोक मला सदाभाऊ म्हणतात. मिस्त्री अजून “कोल्हापूर” अशीच हाक मारतात.

स्वभाव माझा घाबरा. गाडी दुरुस्त होऊन गेली की मला घोर लागतो, तो शेवटचा नट आवळला का राहिला. इथले लोक माझी टर उडवतात. सदाभाऊ गाडी दुरुस्त करून देते अन् तिच्या मांगून मोटरसायकलवर येते, असं म्हणतात. खोटं नाही, एक-दोनदा मी गेलेलो आहे.

आता हवेचं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंजिन पेट्रोल-डिझेल पितं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याहून कितीतरी जास्त ते हवा ओढतं. आणि आमच्या भागातली हवा म्हणजे काळ्या मातीचं पीठ. हंगामात त्यात सोयाबीनचा भुसा आणि जिनिंगच्या बाजूला कापसाचे तंतू. ही धूळ इंजिनात शिरली की तेलात मिसळते आणि पॉलिश पेपरसारखी आतून घासत राहते. जुन्या ट्रॅक्टरला त्यावर साधा इलाज असतो. हवेच्या नळीच्या तळाशी तेलानं भरलेली एक वाटी. हवा तेलावर आपटून वर जाते, धूळ तेलात बसते. तेलाचा चिखल झाला की वाटी काढायची, धुवायची, खुणेपर्यंत नवीन तेल भरायचं.

गेली काही वर्षं मिस्त्रींकडं एवढंच काम उरलं होतं. नजर अधू झालेली. त्यांचा मुलगा प्रशांत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तो रोज सकाळी त्यांना स्कूटरवरून आणून सोडायचा, संध्याकाळी न्यायचा, आणि रोज म्हणायचा, बाबा, आता बंद करा, एखाद्या दिवशी हात पट्ट्यात जाईल. त्याची काळजी खोटी नव्हती. पण मिस्त्री म्हणायचे, “घरी बसून टीव्हीचे नट आवळू काय?” दारातल्या लोखंडी खुर्चीवर बसून ते वाट्या धुवायचे. त्यांच्यासाठी ती खुर्ची म्हणजे काय होतं ते मला माहीत होतं. ट्रकच्या सावलीतून उठून बसायला जागा मिळाली की माणसाला काय वाटतं, ते मला कळतं.

आमच्या गॅरेजची दसऱ्याची एक रीत आहे. लोक ट्रॅक्टर, थ्रेशर, मोटारसायकली घेऊन येतात. हळदकुंकू, नारळ, झेंडूची माळ हे ज्याचं त्यानं करायचं. मिस्त्री पूजा करत नाहीत. सकाळी पांढरे कपडे घालून ते विहारात वंदनेला जातात आणि त्याच कपड्यांत गॅरेजला येतात. मग रांगेत लागलेल्या एकेका ट्रॅक्टरच्या वाटीत स्वतःच्या हातानं नवीन तेल ओततात. बस, एवढंच. पण मिस्त्रींच्या हातचं दसऱ्याचं तेल पडलं की वर्षभर इंजिन कुरकुरत नाही, अशी लोकांची समजूत. लांबच्या खेड्यातले लोकही थांबतात. त्यांचा मान एवढ्यासाठी, की एवढ्या वाट्या भरूनही पांढऱ्या सदऱ्यावर तेलाचा थेंब पडत नाही. नजर गेली तरी हात गेला नाही.

अशा गावात स्पोर्ट्स कार आली.

विक्रांत हा कृषी केंद्राच्या मालकाचा मुलगा. पोरगा वाईट नाही, पण उतावळा. मुंबईहून जुनी, दोन सीटची, जमिनीला टेकलेली गाडी घेऊन आला. आमच्या रस्त्यावरचा गतिरोधक ती तिरपी होऊन ओलांडायची आणि बघायला माणसं थांबायची. त्याला इंटेक बदलायचं होतं, म्हणजे इंजिनात हवा नेणारी कंपनीची नळी आणि फिल्टरचा डबा काढून बाजारातलं दुसरं बसवायचं होतं.

“सदाभाऊ, समृद्धीवर पाय दाबला का सुंऽऽ असा आवाज आला पाह्यजे,” तो म्हणाला.

मी त्याला बसवून सगळं सांगितलं, आणि तुम्हालाही सांगतो, कारण या बाबतीत लोकांना सर्रास फसवलं जातं. इंटेक साधारण तीन तऱ्हेचे. पहिला म्हणजे उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर, बॉनेटखाली तसाच लावलेला. आवाज झकास. पण तो रेडिएटरच्या मागची गरम हवा ओढतो, आणि गरम हवेनं ताकद वाढायच्या ऐवजी कमीच होते. दुसरा लांब नळीचा, फिल्टर खाली बंपरच्या मागं. गार हवा मिळते खरी, पण पावसाळ्यात पुलाखालच्या डबक्यातनं गाडी काढली तर तो हवेबरोबर पाणीही ओढेल, आणि इंजिन जागेवर संपेल. तिसरा बंद डब्याचा, वरच्या बाजूनं बाहेरची हवा घेणारा. आवाज कमी, दिसायला साधा. आमच्या भागात घ्यायचाच तर हाच घ्यावा, आणि त्यातही कोरड्या कापडाचा फिल्टर. नळीची जाडी गाडीच्या मूळ नळीशी जुळते का पाहावं, कारण नळीत एक सेन्सर असतो. केसासारखी तापलेली तार असते ती. किती हवा गेली हे ती गाडीच्या कॉम्प्युटरला सांगते. नळी चुकीची असली की तार खोटं सांगते. रबराचे जोड आणि क्लॅम्प घट्ट हवेत, नाहीतर फिल्टर कितीही भारी असो, धूळ त्याच्या मागून शिरते. आणि ताकद किती वाढते? खरं सांगायचं तर रोजच्या रस्त्याला कळेल एवढीही नाही. लोक आवाज विकत घेतात आणि ताकद घेतली असं समजतात.

विक्रांत सगळं ऐकून “हाव हाव” म्हणाला. आणि पुण्याहून उघडा शंकूचा फिल्टर मागवून मोकळा झाला. तोही तेल लावलेल्या सुती जाळीचा. खोक्यात लाल तेलाची एक बाटली फुकट.

तेव्हा मी तो फोन केला होता. म्हटलं, साहेब, इकडं हंगाम चालू आहे, हा फिल्टर इथं टिकणार नाही, बंद डब्याचा देता का बदलून. त्यावर तो हसला आणि ते वाक्य बोलला. वर म्हणाला की त्यांचा माल सगळीकडं जातो, कुणाची तक्रार नाही. तक्रार येणार कशी? इंजिन आतून घासलं जातं तेव्हा ओरडत नाही. ज्याला ते कळतं, त्याला गाडी तोपर्यंत विकलेली असते. ज्या माणसानं आयुष्यात थ्रेशर बघितलेलं नाही त्यानं आमच्या गाडीनं कुठली हवा घ्यायची हे ठरवावं, आणि आम्ही बोललो की हसावं, हा कुठला न्याय?

गाडी गिऱ्हाइकाची. मी फिल्टर बसवून दिला. पण बसवताना फिल्टरच्या पुढं, इंजिनच्या बाजूला, नळीच्या आत बोटानं ग्रीसचा पातळ थर लावून ठेवला. ही मिस्त्रींची शिकवण. काही दिवसांनी नळी उघडायची आणि तेच ग्रीस चिमटीत चोळायचं. धूळ आत येत असेल तर बोटांना करकर लागते. त्याला नजर लागत नाही, म्हणून मिस्त्री ते अजून माझ्यापेक्षा चांगलं ओळखतात. आणि बाटलीबद्दल मी विक्रांतला बजावलं, की फिल्टरला तेल कारखान्यातूनच लागून आलंय, वरून थेंबही घालायचा नाही. जास्तीचं तेल हवेबरोबर उडून त्या तारेवर बसतं आणि तार मरते. तो पुन्हा “हाव हाव” म्हणाला आणि बाटली घरी घेऊन गेला.

पुढं दसरा आला. त्या दिवशी हिवरा आश्रम गावाकडं एकाचं थ्रेशर ऐन कामात अडकलं होतं, म्हणून मी सकाळीच तिकडं गेलो. रांग, नारळ, तेल, सगळं माझ्यामागं झालं. संध्याकाळी आलो तेव्हा मिस्त्री पांढऱ्या सदऱ्यात खुशीत बसलेले, आणि सदऱ्यावर थेंब नाही.

दोन-तीन दिवसांनी विक्रांतची गाडी दचके खात आली. इंजिनचा दिवा लागलेला, उभ्या गाडीचा आवाज वर-खाली. विक्रांतबरोबर त्याचे दोन मित्र. मी बॉनेट उघडलं, फिल्टर काढला आणि माझा हात निथळला. लाल तेल. जाळीतून टपकत होतं, नळीत ओघळ गेलेले, तारेवर चिकट थर. ट्रॅक्टरची वाटी भरावी तसा तो फिल्टर कुणीतरी भरला होता.

कुणी, हे मला तिथंच कळलं. मिस्त्री खुर्चीवर होते. प्रशांत त्यांना न्यायला नुकताच आलेला, स्कूटर स्टँडला लावत होता.

विक्रांतनं पुण्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तोच माणूस. फिल्टर तेलानं निथळतोय हे ऐकून त्यानं विचारलं की वरून तेल कुणी घातलं. मग आपणच म्हणाला, “अहो, असल्या गावठी मिस्त्र्यांच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार? आमची जबाबदारी नाही.” मित्रांपैकी एक जण हसला.

मी म्हटलं, गॅरेज माझं आहे, जे झालं ते माझ्याकडं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मिस्त्री उठले.

“थांब, कोल्हापूर. तेल म्या टाकलं.”

विक्रांत खाली, हातातल्या फोनकडं बघत राहिला. फोनमधून हसण्याचा आवाज आला आणि फोन कटला.

प्रशांत पुढं आला. चिडलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. त्यानं बापाचा दंड धरला आणि हळू म्हणाला, “बाबा, झालं आता. उद्यापासून घरी.”

स्कूटरवर बसताना मिस्त्रींनी हात पुसायचं फडकं सवयीनं खांद्यावर टाकलं होतं. ते तसंच गेलं.

खरी गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली, समोरच्या चहाच्या टपरीवाल्या शकीलभाईंकडून. रिकामी खुर्ची बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी चहाची किटली खाली ठेवली. “सदाभाऊ, मिस्त्रीनं आपल्या मनानं नाही टाकलं. ते पोट्टं बाटली घरून घेऊन आलतं. मिस्त्री म्हने, याले तेल लागते का बे? कोल्हापूरले इचारू दे. तं हे म्हने, लागते ना, कंपनीनंच देल्लं, टाका तुमच्या हातानं पूर्न. अख्ख्या रांगेनं पाह्यलं.”

मला आधी ऐकूनच घेता येईना. म्हणजे मी बजावलेलं त्याला माहीत होतं. मिस्त्रींनी मला विचारायचं म्हटलेलं त्याला माहीत होतं. सगळ्यांचे ट्रॅक्टर रांगेत, मग आपली गाडी कशी मागं राहील, म्हणून यानं बाटली पुढं केली. ती हौस मी समजू शकतो. पण फोनवर एक परका माणूस म्हाताऱ्याला गावठी म्हणत असताना, मुलगा बापाला हाताला धरून घरी नेत असताना, हा गप्प उभा राहिला. एक वाक्य बोलायचं होतं. ते याच्या तोंडातून निघालं नाही. मला आयुष्यात गिऱ्हाइकाचा एवढा राग कधी आला नव्हता.

काम मात्र मी नीट केलं. तार फवाऱ्यानं धुऊन पाहिली, वाचली नाही, नवीन सेन्सर घातला. नळीतलं ग्रीस चिमटीत घेतलं तर रवा चोळावा तशी करकर. तेल पडायच्या आधीच धूळ आत शिरत होती. ते ग्रीस पांढऱ्या फडक्यावर पुसलं, फडकं पाकिटात घातलं आणि पुण्याच्या त्या पत्त्यावर पाठवून दिलं. धूळ किती असते विचारत होता ना. उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं. विक्रांतच्या बापाशी बोलून बंद डब्याचं इंटेक मागवलं, कोरड्या फिल्टरचं. ते बसवलं, नळीत नवीन ग्रीस लावलं, आणि गाडी धुळीच्या रस्त्यांवर भरपूर चालवून पाहिली.

मग विक्रांतचा फोन आला, गाडी झाली का. मी म्हटलं, झाली. मिस्त्रींच्या दारात लावलीय, तिथून घेऊन जा.

तो म्हणाला, “तिथं काऊन?”

म्हटलं, तुला माहीत आहे.

हे बोलताना मला भीती होतीच. त्याचा बाप बडा माणूस, आमच्याकडं येणारे निम्मे ट्रॅक्टर त्याच्या ओळखीचे. त्याहून मोठी भीती म्हणजे ती खुजी गाडी मिस्त्रींच्या अरुंद गल्लीतून नेताना कुठं ओरखडा तर पडणार नाही ना. पण नेली. गल्लीतली पोरं भोवती जमली, मी एकेकाला लांब करत उभा राहिलो.

विक्रांत आला. प्रशांत ओट्यावर वह्या तपासत होता, मिस्त्री खाटेवर. प्रशांतनं उठून चहा आणला. विक्रांत पावसाबद्दल बोलला, सोयाबीनच्या भावाबद्दल बोलला, चहा संपला तरी बशी हातातच. किल्ली माझ्या खिशात होती आणि त्याला ते दिसत होतं.

शेवटी तो प्रशांतकडं न बघता म्हणाला, “प्रशांतभाऊ, ते तेल मीच टाकाले लावलं. सदाभाऊनं मले नाही म्हणून सांगतलं होतं. मिस्त्री बी म्हने सदाभाऊले इचारू. म्याच म्हटलं टाका.”

प्रशांतनं पेन खाली ठेवला. “बाबा, हे तुम्ही त्या दिवशी काऊन नाही सांगतलं?”

मिस्त्रींना ते सगळं आवडलेलं दिसलं नाही. “हात तं माहाच होता,” ते म्हणाले. “अन् गिऱ्हाईक चार लोकांत उभं असलं तं त्याले खाली पाडाचं नसते.” मग विक्रांतकडं वळून म्हणाले, “बॉनेट उघड.”

मी क्लॅम्प सोडला, नळी काढली. मिस्त्रींनी दोन बोटं आत घातली, ग्रीस घेतलं आणि डोळे मिटून चिमटीत चोळत राहिले. फार वेळ चोळत राहिले. एवढं करूनही डब्याला कुठं फट राहिली असली तर?

“लोणी हाये,” ते म्हणाले, आणि बोटं प्रशांतसमोर धरली. “घे, पाह्य.”

प्रशांतनं बापाच्या बोटावरचं ग्रीस स्वतःच्या बोटावर घेतलं आणि चोळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर गॅरेजसमोर थांबली.

विक्रांत अजून कुरकुरतो की या डब्यानं आवाज येत नाही. मिस्त्री त्याला सांगतात, “आवाज पाह्यजे तं थ्रेशरजवळ जाऊन उभा राह्य बे.” मी अजून त्याच्याशी तुटक बोलतो. घराच्या ओट्यावर, घरच्यांपुरतं बोलला. ज्या फोनवर मिस्त्रींना गावठी म्हटलं गेलं तो फोन लावून नाही बोलला. हे मी विसरलेलो नाही.

यंदाच्या दसऱ्याला हिवरा आश्रमाकडून पुन्हा फोन आला, थ्रेशर अडकलंय म्हणून. मी म्हटलं, उद्या येतो. रांगेच्या कडेला उभा राहिलो. मिस्त्री पांढऱ्या सदऱ्यात एकेक वाटी भरत आले. दोन ट्रॅक्टरांच्या मधे ती खुजी गाडी लागली होती, बॉनेटवर झेंडूची माळ. मिस्त्री तिच्यापाशी थांबले, बंद डब्यावर हात फिरवला आणि तेलाचं भांडं दुसऱ्या हातात घेतलं.

“कोल्हापूर,” त्यांनी विचारलं, “हे कोरडंच ना?”

म्हटलं, हो मिस्त्री, कोरडंच.

ते पुढच्या ट्रॅक्टरकडं गेले. मी सदऱ्याकडं बघून घेतलं. थेंब नव्हता.